ऑगस्टचं डिझेल मार्चमध्ये उपयोगाचं नाही: किनारी जिल्ह्याच्या मत्स्य अंदाजपत्रकाचा अनुभव

सरकारचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं, दर्याचं 1 ऑगस्टला. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्यानंतर बोटी बाहेर पडतात आणि पुढचा पाऊस अंगावर येईपर्यंत धंदा चालतो. जिल्हा मत्स्य कार्यालयात अंदाजपत्रकाच्या टेबलावर बसणाऱ्याला या दोन वर्षांची सांगड घालावी लागते. ती नीट बसली तर कमी निधीतही काम होतं. चुकली की फेब्रुवारीत पैसे पडून असतात आणि सप्टेंबरात गस्ती नौका डिझेलविना जेटीला बांधलेली असते. आम्ही हे काम करत आलो आहोत. नव्याने या टेबलावर येणाऱ्यांना आणि मच्छीमार सोसायट्यांच्या संचालकांना उपयोग व्हावा म्हणून सगळी प्रक्रिया क्रमाने लिहीत आहोत.

कामाची सुरुवात कागदावर होत नाही, ती जूनमध्ये किनाऱ्यावर होते. तेव्हा होड्या वर ओढून झाप घालून शाकारलेल्या असतात आणि ट्रॉलर (तळातून जाळं ओढणाऱ्या मोठ्या बोटी) खाडीत आत नेऊन बांधलेले असतात. सगळा ताफा एका जागी सापडण्याचे हेच दोन महिने. नौका तपासणी याच काळात उरकायची: 'आयएनडी-एमएच'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, परवान्याची मुदत, विमा, इंजिनाचा क्रमांक आणि सिलिंडर, जाळ्याचा प्रकार, जीवनरक्षक साधनं. पुढच्या वर्षीचे निम्मे आकडे या तपासणीतून येतात. बोट मोडीत निघालेली असते पण यादीत जिवंत असते. दोन सिलिंडरचं इंजिन काढून सहाचं बसवलेलं असतं आणि नोंद जुनीच असते. ट्रॉलरचा परवाना असलेल्या बोटीवर दुसरंच जाळं सापडतं. हे जूनमध्ये दुरुस्त झालं नाही तर डिझेलवरील मूल्यवर्धित कराच्या परताव्याची मागणी वर्षभर चुकीची राहते.

या परताव्याची मागणी काढताना नौकांची संख्या गुणिले मंजूर कोटा असा सोपा गुणाकार करू नये. सगळ्या बोटी पूर्ण कोटा उचलत नाहीत. सोसायटीच्या पंपावरची मागच्या तीन वर्षांची प्रत्यक्ष विक्री काढून त्याची सरासरी धरावी. थकबाकी मात्र वेगळ्या ओळीत दाखवावी, चालू वर्षाच्या मागणीत मिसळू नये. मिसळली की वरच्या कार्यालयात ती 'वाढीव मागणी' दिसते आणि कात्री लागते. मग आलेले पैसे जुन्या बिलांत संपतात आणि चालू वर्षाची बिलं पुढच्या वर्षाची थकबाकी होतात. एकदा सुरू झालेलं हे चक्र थांबवणं फार अवघड जातं, आणि त्याची झळ बसते ती उधारीवर डिझेल भरून दर्यात जाणाऱ्या नाखव्याला.

ऑगस्टात दायित्व काढायचं. मागच्या वर्षांत मंजूर झालेल्या आणि बिलं बाकी असलेल्या कामांची रक्कम म्हणजे दायित्व. जिल्हा वार्षिक योजनेत येणाऱ्या निधीवर पहिला हक्क त्याचाच असतो. नवीन कामांची यादी कितीही चांगली असली तरी दायित्व वजा केल्याशिवाय तिला अर्थ नाही.

त्याचबरोबर लेखाशीर्षं (सरकारी हिशेबातले खर्चाचे क्रमांक) समोर ठेवायची. 2405 हे मत्स्यव्यवसायाचं महसुली शीर्ष, 4405 भांडवली. महसुलीत पगार, गस्त, अनुदानं, प्रशिक्षण, देखभाल. भांडवलीत जेटी, बंदर, मासळी उतरवण्याची केंद्रं. ही विभागणी साधी वाटते, पण जवळजवळ प्रत्येक अडचणीचं मूळ तिच्यात सापडतं. भांडवली शीर्षातले पैसे पुनर्विनियोजनाने (एका कामाचा निधी दुसऱ्याकडे वळवून) महसुलीत आणता येत नाहीत. जेटीसाठी मोठी रक्कम शिल्लक असली तरी तिच्यातून गस्ती नौकेचं एक पिंप डिझेलही भरता येत नाही. म्हणून महसुली बाजूची मागणी सप्टेंबरातच पूर्ण आणि हिशेबासह गेली पाहिजे.

आता गस्तीचं. आमच्या मते दायित्व वजा केल्यावर प्राधान्यक्रमात पहिला क्रमांक गस्तीचा. अंदाजपत्रकात ती 'पेट्रोल, तेल व वंगण' या 24 क्रमांकाच्या उद्दिष्टात एका ओळीत येते आणि कपात करताना सगळ्यांत आधी तिच्याकडेच हात जातो. कारण मागणी बहुतेक वेळा 'मागील वर्षाच्या दहा टक्के वाढीसह' अशी गेलेली असते. तिच्यामागे हिशेब नसतो, त्यामुळे छाटणाऱ्याला काय छाटतोय हे कळत नाही. हिशेब असा मांडावा:

राज्याची हद्द किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, म्हणजे सुमारे 22 किलोमीटर. आठ नॉट (ताशी आठ सागरी मैल) वेगाने हद्दीपर्यंत जायला दीड तास, यायला दीड तास, मध्ये सहा तास गस्त धरली तर नऊ तास. नौकेचं इंजिन ताशी 25 लिटर खातं असं धरलं, तर एका फेरीला 225 लिटर लागतं. महिन्याला 20 फेऱ्या, वर्षाला 10 महिने, म्हणजे 45,000 लिटर. लिटरला 92 रुपये धरले तर 41 लाख 40 हजार रुपये. आपल्या नौकेचा खरा खप लॉगबुकातून घ्यावा, वरचे आकडे फक्त पद्धत दाखवायला आहेत. कागदावर हे असं आलं की बैठकीत सांगता येतं: निधी निम्मा केलात तर फेऱ्या दहा होतील, आणि त्या दहांत रात्रीच्या किती ठेवायच्या तेही तुम्हीच ठरवा.

दुसरा हिशेब अंतराचा. सिंधुदुर्गचा किनारा 121 किलोमीटर धरला जातो, म्हणजे साधारण 65 सागरी मैल. आठ नॉटने एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायलाच आठ तासांहून जास्त लागतात. 12 मैलांपर्यंतचं पाणी ढोबळमानाने 2,700 चौरस किलोमीटर भरतं. विजयदुर्गच्या बाजूला तक्रार आली आणि नौका वेंगुर्ल्याकडे असली, तर ती पोहोचेपर्यंत जाळं ओढून बोट निघून गेलेली असते. म्हणून एक मोठी नौका मागण्यापेक्षा दोन बंदरांत दोन मध्यम नौका मागाव्यात. नौकेची भाड्याची रक्कम वाढते, पण प्रवासाचं डिझेल वाचतं.

नौका भाड्याने घ्यायची असेल तर निविदा मेमध्ये निघाली पाहिजे, म्हणजे 1 ऑगस्टला ती पाण्यात असेल. पर्ससीनचा (मासळीच्या थव्याभोवती टाकून तळाशी आवळायच्या मोठ्या जाळ्याचा) परवानगी असलेला काळ 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर. 5 फेब्रुवारी 2016 च्या शासन आदेशाने, सोमवंशी समितीच्या अहवालानंतर हे निर्बंध आले. निविदा सप्टेंबरात काढली की कार्यादेश नोव्हेंबरात होतो. तोवर पर्ससीनचा निम्मा हंगाम आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्यांचे, पाण्यात उभं जाळं लावणाऱ्या गिलनेटवाल्यांचे बांगड्याचे दिवस सरलेले असतात. उजेडाने मासळी ओढून घेणारी एलईडी दिव्यांची मासेमारी तर केंद्राने 10 नोव्हेंबर 2017 पासून बंद केलेली आहे, आणि ती पकडायची तर रात्रीची गस्त लागते. अंधारात दिवा दुरून दिसतो, पण आपली नौका जवळ येतेय हे कळलं की तो विझतो. मग जीपीएसची नोंद, वेळ टाकलेला फोटो आणि बोटीवरचा जनरेटर व दिवे, एवढंच हातात उरतं. त्यामुळे गस्तीच्या मागणीत चांगला रात्रीचा कॅमेरा, हातातला जीपीएस आणि सर्चलाइट यांची ओळ हवी. रक्कम लहान असते, पण प्रकरण टिकतं की नाही ते तिच्यावर ठरतं.

जानेवारी 2025 पासून किनाऱ्यावर ड्रोनची नजर सुरू झाली. ड्रोन उपयोगी आहे यात शंका नाही, कारण पुरावा लवकर मिळतो. पण ड्रोन बोटीवर चढत नाही, पंचनामा करत नाही, मासळी जप्त करत नाही. 'ड्रोन आहे तर डिझेल कमी चालेल' असं बैठकीत ऐकू आलं तर लगेच हिशेब पुढे करावा. ड्रोनने दाखवलेल्या प्रत्येक बोटीमागे नौकेची एक फेरी वाढते.

गस्तीत हमखास विसरला जाणारा खर्च म्हणजे बोट पकडल्यानंतरचा. जप्त मासळीचा लिलाव त्याच दिवशी करावा लागतो, कारण ती टिकत नाही. पैसे निकालापर्यंत जमा ठेवायचे. बोट जेटीला बांधून ठेवायची तर राखण हवी, पाऊस-वाऱ्यात दोर बदलायला हवेत, बिल्जचं, म्हणजे नौकेच्या तळात साचलेलं, पाणी उपसायला हवं. निकाल लागेपर्यंत बोट बुडाली तर जबाबदारी कार्यालयाची. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा, 2021 मध्ये त्यात दुरुस्ती झाली, दंड मोठे झाले आणि पूर्वी तहसीलदारांकडे चालणारी सुनावणी मत्स्य अधिकाऱ्यांकडे आली. चांगलं झालं. पण सुनावणीसोबत नोटिसा, टंकलेखन, वकिलाची फी, उच्च न्यायालयात हजेरी हेही आलं. त्यासाठी वेगळी तरतूद मागावी लागते. आणि 'दंडातून भागवा' हे शक्य नसतं. दंड 0405 या जमा शीर्षात राज्याच्या तिजोरीत जातो, कार्यालयाकडे परत येत नाही.

दुरुस्तीसाठी गस्तीच्या एकूण मागणीत राखीव भाग ठेवावा. पंख्यात तुटलेल्या जाळ्याचा दोर अडकणं हा नेहमीचा बिघाड. त्यासाठी पाणबुड्या बोलवावा लागतो. तळाला शिंपले-काकई चढली की तीच नौका त्याच वेगासाठी जास्त डिझेल खाते. वर्षातून एकदा, बंदीच्या काळात, नौका वर काढून तळ खरवडणं आणि रंग देणं हा खर्च टाळला तर तो डिझेलमधून दुप्पट जातो.

आता मोजणी. पापलेट राज्य मासा झाला, 2023 मध्ये 54 प्रजातींची किमान कायदेशीर लांबी अधिसूचित झाली, पापलेटसाठी ती 135 मिलिमीटर आहे. हा नियम राबवायचा तर लिलावाच्या जागी उभं राहून मासा फळीवर मोजणारा माणूस हवा: तोंडाचं टोक फळीच्या शून्याला टेकवायचं, शेपूट सरळ करायची, आकडा वाचायचा. मोजपट्टीची फळी, वजनकाटा, पाण्याने न भिजणारी वही, बस. पण हर्णैसारख्या ठिकाणी बोटी बाहेर नांगरतात, मासळी बैलगाडीने किनाऱ्यावर येते, आणि दुपारनंतर लिलाव रंगतो. कार्यालयाच्या वेळेत जाऊन तिथे काही हाती लागत नाही. म्हणजे प्रवासभत्ता, मुक्काम आणि कंत्राटी सर्वेक्षक यांचे पैसे हवेत. ही एकूण तरतूद एखाद्या लहान शेडच्या निम्म्याहून कमी असते. तरीही शेड मंजूर होते आणि सर्वेक्षकाची ओळ कापली जाते, कारण शेडचं उद्घाटन होतं. आकडेवारी नसेल तर पुढच्या वर्षी जाळ्याच्या आसावर (भोकाच्या आकारावर), परवान्यांच्या संख्येवर किंवा नुकसानभरपाईवर बोलायला आपल्याकडे काहीच नसतं. रत्नागिरीला शिरगावात 1981 पासून मत्स्य महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना हंगामी सर्वेक्षणात घेण्याचा प्रस्ताव कमी खर्चात बसतो, तो जरूर जोडावा.

गाळाचा विषय मोठा. कोकणातली बहुतेक बंदरं खाडीच्या मुखाशी आहेत आणि दर पावसाळ्यात मुखावर वाळूचा दांडा येतो. ओहोटीला बोट आत येत नाही, भरतीची वाट पाहत बाहेर थांबते. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर. तोवर बर्फ वितळतो, लिलाव चुकतो, मासळीचा दर पडतो. घाईने आत शिरणारी बोट दांड्यावर आपटते आणि माणसं जातात. म्हणून हे काम सोयीचं म्हणून न मागता जिवाच्या सुरक्षेचं म्हणून मागावं.

मागणी काढायची रीत सरळ आहे. चॅनेल 400 मीटर लांब, 30 मीटर रुंद, एक मीटर खोली वाढवायची, तर 12,000 घनमीटर. बाजूचे उतार आणि ढासळणारी वाळू यासाठी वर 15 ते 20 टक्के धरावे. खोली उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासच्या) ओहोटीला मोजावी, भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवशी मोजली तर पाणी जास्त दिसतं आणि अंदाज कमी निघतो. काढलेली वाळू कुठे टाकायची हे प्रस्तावातच लिहावं. किनारा नियमन क्षेत्राची परवानगी त्याशिवाय पुढे सरकत नाही, आणि मालवणच्या आसपास सागरी अभयारण्य असल्याने तपासणी आणखी कडक होते. काम सागरी मंडळाच्या पत्तन अभियंत्यांमार्फत होतं, म्हणून त्यांचं अंदाजपत्रक आणि आपली मागणी एकाच महिन्यात निघाली पाहिजे.

चूक कुठे होते? पहिली, एकदाच मोठं काम भांडवली शीर्षातून मागितलं जातं. पुढच्या पावसात दांडा पुन्हा बसतो आणि 'आत्ताच तर केलं' म्हणून तीन वर्षं कुणी विचारत नाही. दरवर्षीची थोडी देखभाल महसुलीतून मागणं हाच उपाय. दुसरी, कार्यादेश मार्चमध्ये निघतो. यंत्र येईपर्यंत मे उजाडतो आणि जूनच्या पहिल्या लाटांत केलेलं काम भरून जातं. गाळ काढायचा तर नोव्हेंबरात यंत्र पाण्यात हवं. तिसरी चूक, बिल यंत्राच्या तासांवर दिलं जातं. एका बंदरात असं झालेलं आम्ही पाहिलं आहे: तास पूर्ण भरले, खोली होती तेवढीच राहिली. कामाआधी आणि काम संपल्याबरोबर खोलीचं सर्वेक्षण करून घनमीटरवरच पैसे द्यावेत. आणि दोन्ही वेळी सोसायटीच्या एका जाणत्या तांडेलाला (बोट चालवणाऱ्या प्रमुखाला) बोटीवर घ्यावं. कुठे किती वाव (खोलीचं माप) पाणी असतं हे त्याला तोंडपाठ असतं.

जेटी, लिलावगृह, जाळी विणायची शेड, सुकी मासळी वाळवायचे ओटे यांबद्दल थोडक्यात. जागेचा सातबारा, ना-हरकत आणि किनारा नियमनाचा नकाशा हाती असल्याशिवाय काम यादीत घालू नये. घातलं तर ते दायित्व म्हणून वर्षानुवर्षं डोक्यावर बसतं. दुसरं, वीजबिल आणि पाणीपट्टी कोण भरणार हे हस्तांतरणाच्या करारात लिहून घ्यावं. उंच खांबावरचे दिवे बिल न भरल्याने बंद आहेत आणि बायका पहाटे टॉर्चच्या उजेडात मासळी निवडताहेत, हे चित्र एका ओळीच्या करारामुळे टळू शकतं. ओट्यांना एका बाजूला उतार आणि पाणी जायला नाली हवी, नाहीतर खालचा थर कुजतो.

वैयक्तिक लाभाच्या योजनांत प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना 2020 पासून आहे. सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान. उरलेली रक्कम लाभार्थ्याने किंवा बँकेने उभी करायची असते, आणि प्रस्ताव तिथेच पडतात. बँकेचं तत्त्वतः मंजुरीपत्र हातात असलेले अर्जच संख्येत धरावेत. चाळीस अर्ज दाखवून बारा पूर्ण झाले तर पुढच्या वर्षी मागणीला कुणी मान देत नाही. बंदीकाळातील बचत-मदतीत मच्छीमाराचे 1,500 आणि सरकारचे 3,000 असे 4,500 रुपये मिळतात. त्याची यादी मार्चपूर्वी पक्की नसेल तर पैसे बंदी संपल्यावर पोहोचतात. अपघात विम्याची नावंही त्याच यादीवरून तपासावीत, मृत्यूनंतर पाच लाखांचा दावा नावाच्या स्पेलिंगवरून अडकलेला बघवत नाही.

जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत बोलायला वेळ कमी मिळतो. आधी लहान गटाची बैठक होते, खरी छाटणी तिथेच होते. तिथे एका पानाचा तक्ता न्यावा. आमचा क्रम असा: दायित्व, गस्त आणि तिची दुरुस्ती, गाळ, मोजणी, चालू सुविधांची देखभाल, मग अनुदानं, आणि शेवटी नवीन बांधकाम. कपात करायची वेळ आली तर खालून करावी. हे सगळ्यांना पटत नाही. आमदार-सदस्यांना गावात दाखवायला काम हवं असतं, त्यात गैर काही नाही. अशा वेळी त्यांच्याच मतदारसंघातल्या बंदरातला ओहोटीचा आकडा सांगितला की चर्चा जागेवर येते.

निवडणुकीच्या वर्षी आचारसंहितेचे महिने आधीच वजा करावेत. 2024 मध्ये लोकसभा आणि विधानसभा अशी दोनदा आचारसंहिता लागली आणि दुसरी नेमकी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आली, निविदांच्या ऐन हंगामात. ज्यांचे कार्यादेश त्याआधी निघाले होते, त्यांचीच कामं झाली.

डिसेंबरात खर्चाचा खरा आढावा घ्यावा. जे होणार नाही ते सुधारित अंदाजातच सोडून द्यावं आणि त्याच शीर्षातल्या चालणाऱ्या कामाला पुनर्विनियोजन मागावं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात केलेलं समर्पण (न वापरलेला निधी परत करणं) कुणाच्याच कामी येत नाही. त्या आठवड्यात बीम्सवर (निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर) बिलं रखडतात, कोषागारात रांग लागते, आणि घाईत घेतलेल्या वस्तू पुढे गोदामात दिसतात. डिझेलच्या बाबतीत एक करता येतं: मार्चचं बिल मार्चमध्येच निघेल अशा बेताने पुरवठा घ्यावा आणि एप्रिल-मेच्या गस्तीसाठी नव्या वर्षाच्या पहिल्या हप्त्यात वेगळी मागणी 1 एप्रिललाच ठेवावी. बंदीपूर्वीच्या या दोन महिन्यांत घुसखोरी कमी होत नाही.

एप्रिलमध्ये पाणी शांत असतं. पहिल्या उधाणाची ओहोटी पंचांगात बघून ठेवावी, वजन बांधलेली दोरी आणि जीपीएस घेऊन प्रत्येक बंदराच्या मुखावर दहा-दहा ठिकाणी खोली मोजून वहीत उतरवावी. पुढच्या सप्टेंबरात जाणाऱ्या मागणीचं पहिलं पान हेच.